बाल्कनीतला वन्स मोअर

१

माझा कान चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिवाजी पेठेत ‘प्रभू साउंड सर्व्हिस’ कुठं असं विचारलं की शेंबडं पोरसुद्धा दुकानापर्यंत आणून सोडतं. तो प्रभू म्हणजे मी, प्रभुलिंग. लग्न, जत्रा, फुटबॉलची मॅच, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्यांना भोंगे माझेच. पाच भोंगे एकदम चालू असले तरी त्यातला कुठला किरकिरतोय ते मी रस्त्याच्या पलीकडं चहा पीत सांगतो. तेव्हा आता जे सांगणार आहे ते भास, थकवा असल्या खात्यात टाकू नका. गोष्ट पंच्याण्णव सालची. मी चाळिशीचा होतो, बत्तीस दात शाबूत होते आणि डोकं जागेवर होतं.

आमच्या गल्लीत गणपतरावांचा छापखाना होता. या माणसानं लहानपणी एक सिनेमा बावीस वेळा बघितलेला. ‘जोगणवाडीची चंद्रा’. काळा-पांढरा, इथंच कोल्हापुरात तयार झालेला. चंद्राचा नवरा लढाईवर जातो, परत येत नाही, आणि ती रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा ठेवते, एवढीच गोष्ट. पण म्हाताऱ्या माणसांपुढं नुसतं नाव काढलं तरी डोळे भरायचे. गणपतरावांनी म्हातारपणी त्याचं संगीत नाटक लिहिलं. लोक म्हणाले, छापखान्याच्या शाईचा वास डोक्यात गेला. घराघरात केबल आलीय, आणि हे पदं म्हणत बसणार! गणपतरावांनी कुणाचं ऐकलं नाही. चंद्राच्या कामासाठी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

शिवलीला तिचं नाव, मी लीला म्हणतो. मठात भजनासारखी वचनं म्हणायची, तेवढंच गाणं. पण हजार गळे माझ्या वायरीतून गेलेत, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, तसला गळा मी दुसरा ऐकला नाही. छत्तिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहणार होती. आदल्या दिवशी मला म्हणाली, “अहो, आजवर मला कुणीबी कायतरी मागितलं ते ताटातलंच. ह्यांनी गाणं मागितलं बघा.”

तालमीत पेटीवर गुरुसिद्ध अण्णा असायचे, गडहिंग्लजकडचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी तिला रिवाज शिकवला. “बाळ, पद आवडलं की पब्लिक वन्स मोअर म्हणतंय. मग पहिल्यापासनं म्हणायचं. न्हाय म्हणायचं न्हाय. आणि पिटातनं कुणी ‘नो मोअर’ वरडला, तर थांबायचं आणि पुढचं वाक्य घ्यायचं. आमच्या वेळी ह्यावरनं खुर्च्या फेकल्यात लोकांनी.”

“आणि दोन्ही एकदम वरडले तर?” लीलानं विचारलं.

“मग ज्याचा आवाज मोठा त्याचं,” अण्णा हसले.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. हॉलमध्ये आठशे खुर्च्या आणि माणसं त्रेचाळीस. डोअरकीपर पिराजी माझ्याजवळ येऊन म्हणाला, “प्रभूअण्णा, बाल्कनीला कुलूपच ठेवलंय. खालीच माणूस दिसंना, वर काय कबुतरं बसवू?”

मी शेवटच्या रांगेमागं, बाल्कनीच्या बरोबर खाली, मिक्सर मांडून बसलो होतो. प्रत्येक कार्यक्रम कॅसेटवर उतरवायची माझी सवय आहे. तिसरा अंक चाळीस मिनिटांचा, तालमीत घड्याळ लावून बघितलेला. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणजे काळजीच नव्हती.

तिसऱ्या अंकात लीला दिवा घेऊन आली. ‘उंबऱ्यावरी दिवा ठेविते, वाट तुझी उजळाया.’ पहिल्याच ‘उजळाया’ला बाहेर कुठला तरी रिक्षावाला हॉर्न वाजवून गेला आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढं कुणीतरी खोकलं. पण ती गात राहिली, आणि मी सांगतो, मला माझीच बायको ओळखू आली नाही, असं गायली. साडेपाच मिनिटांनी पद संपलं. चार-सहा टाळ्या पडल्या, त्यापण पापड मोडल्यासारख्या.

आणि वरनं आवाज आला. “वन्स मोअर!”

पुरुषाचा आवाज होता, गळा भरून आलेला. माझ्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. वा रे पठ्ठ्या! कोल्हापुरात अजून एक तरी रसिक शिल्लक आहे. लीलानं दिवा उचलला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी डोळे मिटून ऐकलं.

नाटक संपायच्या आधीच रेकॉर्डरचं बटण खटकन वर आलं. कॅसेटची बाजू संपली होती.

२

टेंपोत सामान भरताना सगळी कंपनी मयताला आल्यासारखी उभी होती. गणपतराव पायरीवर बसून चष्मा पुसत होते. मी म्हटलं, वातावरण जरा हलकं करावं.

“तोंडं का पाडताय? पहिल्याच प्रयोगाला वन्स मोअर घेतलाय आमच्या चंद्रानं!”

लीलाचा चेहरा पडला. “अहो, चेष्टा करायची तर घरात करा की. चार माणसांत कशाला?”

“चेष्टा कसली? वरनं वन्स मोअर आला, तू पद परत म्हटलंस.”

“मी एकदाच म्हटलं.”

मी अण्णांकडं बघितलं. ते पेटी बांधत होते. “कुठला वन्स मोअर, प्रभू?” ते म्हणाले. “एकदाच झालं की पद.”

मला वाटलं, माणसं निराश झाली की त्यांना काही आठवत नाही. आमच्यात मयताघरी जेवलेलंसुद्धा लोकांना आठवत नाही. मी विषय सोडला. पण मंगळवारच्या पेपरात नाटकावर सात ओळी आल्या, त्यातली शेवटची अशी: ‘एकाही पदाला वन्स मोअर मिळू नये, यातच सारे आले.’

मी पेपर चुरगळून फेकला. बातमीदार झोपला असणार, दुसरं काय! लीलानं तो उचलला, हातानं सरळ केला, आणि घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवला. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मध्यंतरात मी माझं मनगटी घड्याळ हॉलच्या घड्याळाशी जुळवलं होतं. नाटक संपल्यावर बघितलं तर माझं पुढं होतं. किती, तर साडेपाच मिनिटं.

३

बुधवारी सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, आणि कॅसेट लावली. कॅसेट कुणाची भीड ठेवत नाही. म्हटलं, हिच्या पदरात आता पुरावाच टाकतो.

पद सुरू झालं. ‘उजळाया’ला रिक्षाचा हॉर्न. मग खोकला. चार-सहा टाळ्या. “वन्स मोअर!” सगळं होतं. मी टेबलावर हात आपटला. बघा, म्हटलं, प्रभूचा कान!

मग दुसऱ्यांदा पद सुरू झालं, आणि ‘उजळाया’ला रिक्षाचा हॉर्न वाजला.

मी कॅसेट थांबवली. हरकत नाही, स्टँडवर रिक्षा दहा असतात, हॉर्न कुणीपण मारेल. पुढं चालवली. खोकला आला, त्याच जागी. लीलाची बांगडी समईच्या दांड्याला लागून एकदा ‘टण्’ झाली होती, ती त्याच मात्रेला परत झाली. टाळ्या मोजल्या. पहिल्या वेळी सहा, दुसऱ्या वेळी सहा, आणि शेवटची टाळी दोन्ही वेळा उशिरा, एकट्यानं वाजवलेली.

माझ्याकडं दोन डेक होते. कॅसेटची नक्कल काढली आणि दोन्ही पदं एकदम वाजवली. दोन आवाज ऐकू यायला पाहिजेत ना? एकच आला.

कुठलीही गाणारी दोनदा सारखं गात नाही. श्वास इकडंतिकडं होतो, कुठं तरी जीभ अडते. मशीन बिघडलंय म्हणावं, तर मशीन टाळ्या दोनदा उतरवेल, पण मधे एकदाच वन्स मोअर कुठनं घालेल? मी उदबत्ती संपेपर्यंत विचार केला आणि उत्तर सापडलं नाही. आणि मला उत्तर न सापडणं ही गोष्ट मला आवडत नाही.

मग तो ‘वन्स मोअर’ मी वीस वेळा ऐकला. म्हातारा होता कुणीतरी. पुढचे दात नसलेल्या माणसाचा ‘स’ हवेत सांडतो, तसा ‘वन्स’चा ‘स’ सांडत होता. आवाज ओळखीचा वाटत होता, पण गिऱ्हाइकांपैकी कुणाचा ते डोक्यात येईना. तो रडत होता, एवढं मात्र नक्की.

४

दुसरा प्रयोग पंधरा दिवसांनी, परत रविवारी दुपारी. या वेळी मी तयारीनं गेलो, एकेक बाजू साठ मिनिटांची असलेल्या कॅसेटी घेऊन. पिराजीकडनं बाल्कनीची किल्ली घेतली, वर गेलो. बोटभर धूळ होती. पहिल्या रांगेपुढं एक माईक उभा केला, वायर कठड्यावरनं खाली सोडली आणि दुसऱ्या रेकॉर्डरला जोडली. खाली येऊन पिराजीसमोर कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या खिशात टाकली. म्हटलं, आता ये बाबा, कोण असशील तो.

माणसं एकतीस होती. तिसऱ्या अंकात लीला दिवा घेऊन आली. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. ‘उजळाया’ला चौथ्या रांगेतल्या हिरव्या साडीच्या बाईनं गजरा चाचपला. तिच्या शेजारच्या माणसाची पाण्याची बाटली पडून घरंगळली.

“वन्स मोअर!”

कुणीही वर बघितलं नाही. लीलानं दिवा उचलला. बाटली परत त्या माणसाच्या मांडीवर होती. ‘उजळाया’ला बाईनं गजरा चाचपला आणि बाटली पडली.

“वन्स मोअर!”

तिसऱ्या वेळी मी उठलो. हिरव्या साडीच्या बाईजवळ गेलो, अगदी तोंडासमोर उभा राहिलो. ती माझ्यातनं स्टेज बघत होती. ‘उजळाया’ आला आणि तिचा हात गजऱ्याकडं गेला. माझ्या पायावरनं बाटली घरंगळली. खोटं कशाला सांगू, भ्यालो मी.

पण भिऊन बसणाऱ्यातला मी नव्हे. जिना चढून वर गेलो. कुलूप तसंच होतं. किल्ली घातली तर ती फिरेना, मघाशी लोण्यासारखी फिरलेली. दाराला कान लावला. आत कुणीतरी नाक ओढत होतं. आणि दाराच्या फटीतनं वास येत होता, गरम भाताचा. बंद बाल्कनीत, धुळीत, ताज्या भाताचा वास! खाली लीलाचं पद संपलं, आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर तो ओरडला.

“वन्स मोअर!”

पद सात वेळा झालं. मग आपोआप थांबलं, मी खाली आलो, नाटक पुढं गेलं, आणि बाईनं गजऱ्याला परत हात लावला नाही. पडदा पडल्यावर किल्ली गुमान फिरली. आत धुळीत माझीच पावलं होती, माईकपर्यंत गेलेली आणि परत आलेली.

ग्रीनरूममध्ये लीला खुर्चीवर बसली होती. मला काही सांगायला तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी घशाच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि माझ्यावरच खेकसले, “किती तास गायला लावता यांना?”

“एकच पद,” लीला कुजबुजली.

“बाई, हा गळा एका पदाचा नाही. दिवसभर ओरडून भाजी विकणाऱ्याचा असा होतो. तीन आठवडे गप्प बसा. परत असा ताण पडला तर गाणं विसराच, मीठ मागायला पण आवाज राहणार नाही.”

तिसरा प्रयोग बरोबर तीन आठवड्यांनी होता.

५

बाल्कनीच्या माईकची कॅसेट मी एकट्यानं ऐकली. तिच्यात तो म्हातारा सहा वेळा होता. आणि त्याच्यामागं, प्रत्येक वेळी लीलाच्या ‘उजळाया’ला, एक शिट्टी होती. मी आधी म्हटलं, माईकनं शीळ घातली असेल. पण माईकची शीळ मला झोपेतसुद्धा कळते. ही कुकरची शिट्टी होती.

आता काय करायचं? मी ठरवलं, लीलाला ऐकवायचं. दुकानात बसवलं आणि हॉलची कॅसेट लावली. दुसऱ्यांदा पद सुरू झालं तसा तिचा हात गळ्याकडं गेला. तिसऱ्यांदा ती माझ्या जवळ सरकली. सातही वेळा तिनं ऐकलं. तिचा आवाज तोवर जरा परत आला होता.

“हे मी म्हटलेलं मला आठवत न्हाय,” ती म्हणाली.

“म्हणूनच सांगतोय. तिसरा प्रयोग करायचा न्हाय. गणपतरावांना मी सांगतो.”

तिनं कॅसेट जरा मागं घेतली आणि तो ‘वन्स मोअर’ परत लावला. मग म्हणाली, “त्यो रडतोय हो.”

“रडू दे की! तुझा गळा जाईल.”

“आठशे खुर्च्यांत एक तरी माणूस हाय,” ती म्हणाली. “पेपरवाल्याला न्हाय आवडलं, पब्लिकला न्हाय आवडलं. ह्याला सात येळा ऐकायचं होतं. कोण का असंना. मी जाणार.”

“लीला, ऐक माझं.”

“तुम्ही एकदा तरी म्हणालात व्हय वन्स मोअर?”

मी माईकवाला. माईकवाल्यानं ओरडायचं नसतं, असं मी धरून चाललो होतो. आवडलं तर नुसता आवाज एक खूण वाढवायचा, एवढीच आमची दाद.

तिसऱ्या प्रयोगाला माणसं एकोणीस. गणपतरावांनी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना नमस्कार केला. पंखे चालू होते, बाहेर ऊन होतं, पिराजी दाराशी तंबाखू मळत होता. तिसरा अंक लागला आणि लीला दिवा घेऊन आली.

पहिल्यांदा ती अशी गायली की अण्णांनी पेटीवरनं मान वर करून बघितलं. वरनं ‘वन्स मोअर’ आला. परत तीच मान त्याच वेळी वर झाली. पिराजीनं तंबाखूवर तीच थाप मारली. पाचव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की सगळं जसंच्या तसं आहे, फक्त एक गोष्ट कमी होतेय. तिचा आवाज. ओठ तसेच, हात तसेच, आणि आवाज धुतलेल्या कापडासारखा दरवेळी विरत चाललेला. मी मिक्सरवर तिची खूण वाढवली. आठव्या वेळी आणखी वाढवली. दहाव्या वेळी खूण टोकाला पोचली आणि भोंग्यातनं नुसता श्वास येत होता.

“वन्स मोअर!”

अकराव्या वेळी तिनं दिवा उचलला आणि बाल्कनीकडं बघून हसली. तेवढंच आधीच्यात नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आमच्या, तसं हसू तिनं मला कधी दिलं नव्हतं. मी ओळखलं की आता ती थांबणार नाही. त्याला पुरे होणार नाही आणि हिला नको म्हणवणार नाही. दोघं मिळून हा गळा संपवणार आणि इथं बाहेर सहा वाजून गेलेले कधी सात वाजणार नाहीत.

ज्याचा आवाज मोठा त्याचं. अण्णांचे शब्द मला आठवले. पद संपलं, वरच्यानं श्वास घेतलेला मला ऐकू आला, आणि मी खुर्चीवर चढून उभ्या आयुष्यात ओरडलो नव्हतो तसा ओरडलो.

“नो मोअर!”

एकोणीस माना वळल्या. अण्णांचा हात पेटीवर राहिला. पिराजीच्या हातातली तंबाखू सांडली. त्यांच्या हिशेबी पद एकदाच झालं होतं. वन्स मोअर कुणी मागितलेलाच नव्हता. एका बाईनं जीव ओतून गाणं म्हटलं आणि तिच्याच नवऱ्यानं खुर्चीवर चढून ‘नो मोअर’ म्हणून तिचा अपमान केला, एवढंच त्यांना दिसलं. हिरव्या साडीची ती बाई परत आली होती. ती म्हणाली, “लाज वाटत न्हाय व्हय रे, मुडद्या?”

लीला दिवा धरून उभी होती. रिवाजाप्रमाणं तिनं पुढचं वाक्य घेतलं. आवाज फुटला नाही. पडदा पाडावा लागला.

चौथा प्रयोग झाला नाही. तिला बोलता यायला दोन महिने लागले. पहिलं वाक्य ती मलाच बोलली.

“माझा एकच माणूस होता. त्येला तुम्ही हाकललं.”

“तुझा गळा वाचवला मी, लीला.”

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “आता माझ्या गळ्याला हात लावून शपथ घ्या. ते दोन शब्द परत तुमच्या तोंडातनं माझ्यासाठी येणार न्हाईत.”

मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

६

त्याला अकरा वर्षं झाली. दोन हजार सहा उजाडलं. गणपतराव गेले, अण्णा गेले. भोंग्यांच्या जागी भिंतीएवढे डीजे आले. आमची पवित्रा लग्न होऊन संकेश्वरला गेली, घरात दोघंच राहिलो. लीलाचा आवाज बारीक राहिला, पण राहिला. मीठ मागते, भाजीवाल्याशी भांडते, फोनवर पोरीला रागावते. गाणं मात्र नाही. मठात सगळे वचन म्हणतात तेव्हा ती नुसते ओठ हलवते. मी कधी विषय काढला नाही. जे केलं ते बरोबर केलं, हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन. पण अकरा वर्षं घरात रेडिओ लागला की मी उठून बाहेर जात होतो.

गेल्या सोमवारची गोष्ट. मागल्या महिन्यात माझे पुढचे तीन दात काढले, कवळी अजून यायची आहे. सकाळचे अकरा वाजले होते. मी बाहेरच्या खोलीत एक जुना अँप्लिफायर उघडून बसलो होतो. लीलानं गॅसवर भाताचा कुकर चढवला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून चिंचेनं समई घासायला घेतली. घासून झाली, पुसली, उंबऱ्यावर ठेवली.

आणि ती गायला लागली.

‘उंबऱ्यावरी दिवा ठेविते...’

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. आवाज बारीक होता, चिरलेला होता, पण तोच होता. ‘उजळाया’ला कुकरची शिट्टी झाली. ती थांबली नाही. भाताचा वास घरभर पसरला. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि मी लहान पोरागत नाक ओढत ऐकत राहिलो. माझ्या बायकोला तिचं गाणं परत मिळालं होतं. पद संपलं. अकरा वर्षं जे तोंडापर्यंत येऊन गिळत होतो ते डोक्याला विचारायच्या आत बाहेर पडलं.

“वन्स मोअर!”

‘स’ दातांच्या फटीतनं सांडला. तो आवाज मी कॅसेटवर वीस वेळा ऐकलेला आहे. माझा कान चुकत नाही.

लीलानं मागं वळून बघितलं नाही. तिनं उंबऱ्यावरची समई उचलली, हातात धरली, आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी धडपडत उठलो, तिला ओलांडून गॅसपाशी गेलो आणि बटण बंद केलं. कुकर उचलून खाली मोरीत ठेवला. ‘उजळाया’ आला आणि कुकर परत शेगडीवर होता, शिट्टी मारत.

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. “लीला,” म्हटलं. ती माझ्यातनं पलीकडं बघत होती, वर कुठं तरी, लांब. आणि हसत होती, त्या दिवशी हसली होती तशी. आवाज एवढासा विरला होता, माझ्यासारख्यालाच कळेल इतका. मला माहीत होतं काय ओरडायला पाहिजे ते. माझा हात तिच्या गळ्यावर होता, शपथ घेताना होता तिथंच, आणि त्याच्याखाली गाणं थरथरत होतं.

खरं सांगतो, मला अजून ऐकायचं होतं.

पद संपलं. माझं तोंड उघडलं. ‘नो मोअर’ म्हणायला घरात तिसरं कुणी नव्हतं.